चेहरे आणि नावे : बीदर-गुलबर्ग्याच्या चळवळी व छायाचित्रांची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी, दफ्तरे आणि पत्रव्यवहार ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. गेल्या दीडशे वर्षांत या साधनांत छायाचित्राची भर पडली. परंतु मराठी इतिहासलेखनाने त्याकडे साधन म्हणून पाहण्यापेक्षा ग्रंथाची सजावट म्हणूनच अधिक पाहिले. प्रकरणाच्या आरंभी नेत्याची तसबीर आणि मधल्या पानांवर किल्ला किंवा मंदिर एवढ्यावर त्याचे काम संपते. गावातील उत्सव, सभा, प्रभातफेऱ्या, सत्याग्रहाला निघालेले तरुण, तुरुंगातून सुटून आलेल्यांचे सत्कार यांची छायाचित्रे कोणी काढली, कोठे ठेवली आणि त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) या सीमावर्ती जिल्ह्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. येथील तरुणांनी १९३८ ते १९४८ या दहा वर्षांत जे केले, त्याची नावनिशी बऱ्याच अंशी कागदावर उतरली आहे. परंतु त्या नावांचे चेहरे दुर्मिळ आहेत. उलट, या भागातील जुन्या घरांतून चेहऱ्यांनी भरलेली छायाचित्रे आहेत, पण त्या चेहऱ्यांची नावे पुसत चालली आहेत. ही दुहेरी हानी कशी झाली आणि ती कितपत भरून काढता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रदेशात कॅमेरा आला तो माणसांसाठी नव्हे, इमारतींसाठी. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात निझामाच्या मुलखात पाहणी केली आणि बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील त्यांचा अहवाल १८७८ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. त्यानंतर हैदराबादच्या दरबारात लाला दीनदयाळ यांचा उदय झाला. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली जन्मलेले आणि रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले दीनदयाळ सहाव्या निझामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. 'राजा' हा किताब त्यांना दरबारातूनच मिळाला. त्यांच्या कॅमेऱ्याने राजवाडे, शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती आणि पाहुण्या साहेबांचे दौरे टिपले. ती चित्रे अप्रतिम आहेत. मात्र ती दरबाराच्या नजरेने पाहिलेली आहेत. त्यांत रयत दिसते ती बहुधा वाटेच्या कडेला, हत्तीच्या बाजूला, किंवा दुष्काळी कामाच्या ठिकाणी.

१९१४ साली हैदराबाद संस्थानात स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि त्याची सूत्रे गुलाम यझदानी यांच्याकडे आली. यझदानींचे बीदरवरील काम आजही प्रमाण मानले जाते. महमूद गवानाचा मदरसा, रंगीन महाल, अष्टूर येथील बहामनी सुलतानांच्या कबरी, या सर्वांची बारकाईने घेतलेली छायाचित्रे त्यांच्या ग्रंथात आहेत. निझाम सरकारसाठी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने हा ग्रंथ प्रसिद्ध केला तो १९४७ साली. हे वर्ष लक्षात घेण्याजोगे आहे. बीदरच्या दगडांची इतकी सुंदर चित्रे ज्या वर्षी जगापुढे आली, त्याच वर्षी बीदरच्या गल्ल्यांतील तरुण शाळा-महाविद्यालये सोडून चळवळीत उतरत होते. दगडांना छायाचित्रकार मिळाला होता, तरुणांना मिळाला नव्हता.

हीच गोष्ट शेजारच्या ब्रिटिश मुलखाशी ताडून पाहिली म्हणजे अंतर किती होते हे कळते. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तेथील नामवंत हौशी छायाचित्रकारांत गणले जात. पुढे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी छायाचित्रणाच्या व्यवसायातून चलच्चित्राकडे उडी घेतली. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हिंदुस्थानात परतले तेव्हा डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईत त्यांचे जे स्वागत झाले, ते सावेदादांनी चित्रफितीवर घेतले. एका तरुण विद्वानाचा लोकांनी केलेला सन्मान एका मराठी माणसाने यंत्राने टिपला, ही आपल्याकडील सार्वजनिक समारंभांच्या चित्रणाची आरंभखूण होय. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेची छायाचित्रे घेतली गेली आणि ती घरोघर पोहोचली. म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुंबई-पुण्याच्या समाजाला आपली गर्दी आपल्याच डोळ्यांनी पाहण्याची सवय लागली होती.

तरुण क्रांतिकारकांनी तर छायाचित्राचे सामर्थ्य फार लवकर ओळखले. ८ एप्रिल १९२९ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात बाँब टाकण्यापूर्वी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत आपली छायाचित्रे काढून घेतली. आपण पकडले जाणार हे त्यांना ठाऊक होते. मागे चेहरा राहावा आणि तो लोकांपर्यंत जावा ही त्यामागची योजना होती. हॅट घातलेल्या भगतसिंगांचे ते चित्र पुढे लाखो घरांच्या भिंतींवर लागले. शब्द जप्त करता येतात. एकदा पसरलेला चेहरा जप्त करणे सरकारला तितके सोपे जात नाही, हे त्या तरुणांना उमगले होते.

मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग सोलापूर आणि गुलबर्गा या दोन्ही शहरांवरून जातो. गाडीत बसलेल्या माणसाला सोलापूर सोडल्यावर काही तासांत गुलबर्गा लागे. परंतु राजवट बदलली की नागरी जीवनाचे नियमही बदलत. निझामाच्या राज्यात निघालेल्या 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सार्वजनिक सभेसाठी आगाऊ परवानगी सक्तीची केली. राजकीय सभा जवळजवळ अशक्य झाल्या. त्यामुळे तरुणांचे एकत्र येणे वेगळ्या नावांनी होऊ लागले. गणेशोत्सव, ग्रंथालयाचा वार्षिकोत्सव, व्याख्यानमाला, आखाडा, भजनी मंडळ, आर्य समाजाचे हवन, खाजगी शाळेचे स्नेहसंमेलन, ही या भागातील लोकजागृतीची खरी व्यासपीठे होती. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय १९०७ साली निघाले ते राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या लाटेतच. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांची हकीकत या भागात आजही सांगतात. शाळेच्या दारावर उर्दूची पाटी आणि आत कन्नडचे शिक्षण, अशी ती युक्ती होती. मराठी असो वा कन्नड, मातृभाषेच्या शिक्षणाला त्या काळी आडवाटेनेच चालावे लागे. मराठी वाचनालयांचे महत्त्व याच संदर्भात पाहिले पाहिजे. जेथे सभा भरवता येत नाही, तेथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे हीसुद्धा सभाच असते.

१९३८ हे वर्ष या प्रदेशाच्या इतिहासात निर्णायक ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, तिच्यावर बंदी आली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला प्रारंभ झाला. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला. ही ठिणगी गुलबर्ग्याच्या महाविद्यालयापर्यंत आली. शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू केदार यांच्या पुढाकाराने, सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक. याच सुमारास आर्य समाजाची चळवळ पेटली होती. गुंजोटीचे वेदप्रकाश आणि कल्याणीचे धर्मप्रकाश या तरुणांची हत्या झाली. तेव्हा बीदर जिल्ह्यात असलेल्या उदगीरचे भाई श्यामलाल यांचा डिसेंबर १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याच महिन्यात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली आणि १९३९ च्या आरंभापासून सत्याग्रहींचे जथे हद्द ओलांडू लागले. महात्मा नारायणस्वामी यांनी गुलबर्ग्यात सत्याग्रह केला आणि त्यांना गुलबर्ग्याच्याच तुरुंगात ठेवण्यात आले. ऑगस्ट १९३९ मध्ये हा सत्याग्रह थांबला.

या सर्व घटनांमध्ये तरुणांचा भरणा मोठा होता. मग त्यांची छायाचित्रे इतकी कमी का? याचे पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. त्या काळी छायाचित्र काढणे ही खर्चाची बाब होती. तिपाईवरचा मोठा कॅमेरा, काचेची प्लेट किंवा परदेशी फिल्म, काळोखी खोली आणि रसायने, एवढा सरंजाम जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्याच स्टुडिओत असे. खेडेगावात फोटोवाला येई तो लग्नकार्याला किंवा एखाद्या अधिकाऱ्याच्या निरोपसमारंभाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी माल मिळेनासा झाला, तेव्हा फिल्म आणि कागद आणखी महागले. स्टुडिओचा मालकही शेवटी व्यापारीच. सरकारी कचेऱ्यांच्या कामावर पोट असलेल्या माणसाने बंदी असलेल्या मंडळींचे फोटो काढावेत, ही अपेक्षा बाळगणे कठीण होते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. चळवळीलाच छायाचित्र नको होते. भगतसिंगांनी चेहरा मागे ठेवला तो अटकेची तयारी ठेवून. भूमिगत कार्यकर्त्याला मात्र चेहरा लपवावा लागतो. निरोप पोहोचवणारा मुलगा, पत्रके शिवून नेणारी बाई, रात्रीपुरता आसरा देणारे कुटुंब, यांच्या दृष्टीने एखाद्या समूहचित्रात दिसणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा देणे होते. जगाच्या इतिहासात याचे धडे होते. १८७१ साली पॅरिसच्या कम्यूनमध्ये लढणाऱ्यांनी मोर्चेबंदीसमोर अभिमानाने छायाचित्रे काढून घेतली आणि उठाव चिरडल्यानंतर त्याच छायाचित्रांवरून माणसे ओळखली गेली. बीदर-गुलबर्ग्याच्या तरुणांनी ही हकीकत वाचलेली असो वा नसो, सावधपणा त्यांना परिस्थितीने शिकवला होता. म्हणून त्यांचे चित्रण झाले ते हद्दीपलीकडे. जथ्याला हार घालून निरोप देणे ब्रिटिश मुलखातील स्थानकावर शक्य होते, तेथे कॅमेराही उघडपणे वापरता येई. निझामाच्या हद्दीत पाऊल टाकताच हार आणि कॅमेरा दोन्ही मागे राहत. बातम्यांचेही तसेच. आ. कृ. वाघमारे यांना आपले 'मराठवाडा' पत्र संस्थानाबाहेर पुण्याहून काढावे लागले आणि बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा उभे करावे लागले. ज्या पत्राला स्वतःचे नावदेखील टिकवता येत नव्हते, त्याने छायाचित्रांचा संग्रह कोठे सांभाळावा?

ऑगस्ट १९४७ नंतर संघर्षाने उग्र रूप घेतले. गुलबर्गा-विजापूरच्या परिसरातून पुढे आलेले आणि नंतर १९५२ साली गुलबर्ग्याहूनच लोकसभेवर निवडून गेलेले स्वामी रामानंद तीर्थ या लढ्याचे सर्वमान्य नेते होते. ७ ऑगस्ट हा दिवस 'भारतात सामील व्हा' या मागणीसाठी पाळला गेला. विद्यार्थ्यांनी शाळा-महाविद्यालये सोडली. सोलापूर-बार्शीच्या पट्ट्यात आणि कर्नाटकाच्या सीमेवर सरहद्द कँप उभे राहिले. दुसऱ्या बाजूला रझाकारांचे हल्ले वाढत गेले. मे १९४८ मध्ये आज बीदर जिल्ह्यात असलेल्या गोरटा या गावी झालेल्या हत्याकांडात सुमारे दोनशे माणसे मारली गेल्याचे सांगितले जाते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गमार्गे आत शिरले आणि पाच दिवसांत मोहीम संपली. निझामाचे सेनापती अल् इद्रूस यांनी १८ सप्टेंबरला मेजर जनरल चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सैन्याबरोबर छायाचित्रकार होते, त्यामुळे रणगाडे, पूल आणि सेनाधिकारी यांची चित्रे राहिली.

परंतु याच आठवड्यांत आणि त्यानंतरच्या काळात या जिल्ह्यांत आणखी एक दुःखद प्रकरण घडले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा करून पोलीस कारवाईच्या काळात व नंतर झालेल्या हिंसाचाराची चौकशी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे आणि एकंदर बळींची संख्या २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावी, असे तिचे अनुमान होते. यांतील बहुसंख्य बळी मुसलमान होते. हा अहवाल सर्वसामान्य अभ्यासकांना पाहता आला तो २०१३ साली, म्हणजे ६५ वर्षांनी. गोरट्याचे मृत असोत वा सप्टेंबरनंतरचे, दोन्हींच्या चेहऱ्यांविषयी इतिहास जवळजवळ मुका आहे. विजयाची आणि शरणागतीची छायाचित्रे निघाली. ज्या घरांवर आघात झाला त्यांची निघाली नाहीत. कोणत्याही एका बाजूची स्मृती पूर्ण मानून चालणाऱ्या वाचकाने हे रिकामे चौकट आठवणीत ठेवणे अगत्याचे आहे.

छायाचित्र नसल्याने काय बिघडते, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर स्वातंत्र्यानंतरच्या कागदपत्रांत मिळते. १९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली. तीत साधारणपणे सहा महिन्यांच्या कारावासाचा किंवा तितक्या काळाच्या भूमिगत कार्याचा पुरावा द्यावा लागे. तुरुंगात गेलेल्यांना तुरुंगाचे दफ्तर उपयोगी पडले. कँपवर राहिलेल्यांना कँपप्रमुखांचे किंवा सहकाऱ्यांचे प्रमाणपत्र मिळवावे लागले. परंतु ज्याने दोन वर्षे निरोप पोहोचवले, जिने भाकरी बांधून दिल्या, ज्याचे घर जाळले गेले पण ज्याला अटक झाली नाही, त्याच्यापाशी दाखवायला काय होते? चळवळ गुप्त ठेवण्यासाठी ज्यांनी आपली खूण मागे ठेवली नाही, त्यांनाच पुढे खूण दाखवता आली नाही. अशा रीतीने सन्मानित सैनिकांच्या याद्या तयार झाल्या. त्या बहुमोल आहेत; पण त्या नावांच्या याद्या आहेत. सरकारी गॅझेटियरांत व गौरवग्रंथांत मूठभर नेत्यांच्या तसबिरी सोडल्या तर बाकीच्यांचा चेहरा कसा होता, ते अठरा वर्षांचे होते की अठ्ठावीस, हे वाचकाला कळत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. या भागातील जुन्या घरांच्या दिवाणखान्यात, शाळांच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत आणि वाचनालयांच्या भिंतींवर समूहचित्रे टांगलेली आढळतात. त्यांची मांडणी ठरलेली असते. मधल्या खुर्च्यांवर अध्यक्ष, पाहुणे व आश्रयदाते. मागे बाकावर उभे असलेले शिक्षक आणि कार्यकर्ते. पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले. मध्यभागी वर्ष लिहिलेली पाटी. खाली पुठ्ठ्यावर नावे छापलेली असली तर ती बहुधा खुर्च्यांवरच्या मंडळींची. खरे म्हणजे उत्सवाचा मंडप घालणारा, सतरंज्या आणणारा, रात्री जागून हस्तलिखिताचा अंक काढणारा तरुण मागच्या रांगेत उभा असतो आणि त्याचे नाव छापलेले नसते. ही रांगच पुढे सत्याग्रहात उतरली असेल, कँपवर गेली असेल. इतिहासाला हव्या असलेल्या माणसाचा चेहरा भिंतीवर आहे आणि त्याचे नाव यादीत आहे. परंतु या दोहोंची गाठ घालून देणारा माणूस दरवर्षी कमी होत आहे.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने या विस्कळीतपणात भर घातली. जुन्या बीदर जिल्ह्याचे त्रिभाजन झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात, बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औराद म्हैसूर राज्यात, तर झहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्र प्रदेशात गेला. संस्थानाचे मुख्य दफ्तर हैदराबादेतच राहिले. एकाच चळवळीत खांद्याला खांदा लावून काम केलेली माणसे तीन राज्यांची नागरिक झाली आणि त्यांच्या आठवणी तीन भाषांत लिहिल्या गेल्या. आज १७ सप्टेंबर हा दिवस महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून, तर पलीकडे कल्याण-कर्नाटकाचा उत्सव म्हणून साजरा होतो. दिवस एक, ध्वजारोहणे दोन, आणि छायाचित्रांचे संग्रहही वेगवेगळे. उदगीरच्या घरातील फोटोत बसलेला तरुण भालकीचा असतो, आणि भालकीच्या नातवाला तो फोटो अस्तित्वात आहे हेच ठाऊक नसते.

पुनर्रचनेनंतर सीमाप्रश्न उभा राहिला. बेळगावात १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे आणि जून १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन यांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून सर्वदूर गेली. बीदर, भालकी, औराद, आळंद या भागांतील मराठी भाषकांची चळवळ त्या मानाने कमी गाजलेली. अर्ज, निवेदने, मराठी शाळांसाठीचे प्रयत्न, शिवजयंतीच्या मिरवणुका, व्याख्याने आणि वाचनालये हे तिचे रूप होते. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकाराला येथे यावेसे वाटावे असे सनसनाटी काही नव्हते. पण समाज टिकतो तो अशाच कामांनी. आणि त्यांची नोंद स्थानिक फोटोवाल्यानेच काय ती घेतलेली आहे. १९७० नंतर लहान कॅमेरे आले, रंगीत छायाचित्रे आली, गणेशोत्सवाच्या आणि यात्रांच्या प्रतिमा घरोघरी जमू लागल्या. गाणगापूरच्या दत्तस्थानी आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरला महाराष्ट्रातून येणाऱ्या भाविकांच्या अल्बमांतही या प्रदेशाचे दर्शन घडते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशीचे विसर्जन झाले होते. भूकंपाने लातूर-उस्मानाबादेत सुमारे १० हजार माणसांचा बळी घेतला. त्या वेळी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचे तरुण ढिगारे उपसण्यासाठी आणि अन्नवाटपासाठी धावून गेले. जगभरच्या छायाचित्रकारांनी तो विनाश टिपला. ढिगाऱ्याची चित्रे राहिली. ढिगारा उपसणारे हात मात्र बहुतेक निनावीच राहिले.

सध्याच्या काळात परिस्थिती उलटी झाली आहे. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. एका मिरवणुकीची हजारो चित्रे एका संध्याकाळी निघतात, आणि वर्षभरात त्यांपैकी बहुतेक नाहीशी होतात. मोबाईल बदलला, बिघडला, जागा भरली की चित्रे पुसली जातात. एकमेकांना पाठवलेल्या चित्रांतून ती कोठे, केव्हा आणि कोणी काढली याची नोंद बहुधा गळून पडते. त्यामुळे १९३८ च्या तरुणाचा चेहरा सापडत नाही तो छायाचित्राच्या अभावामुळे, आणि आजच्या तरुणाचा सापडणार नाही तो छायाचित्रांच्या गर्दीमुळे. दोन्ही ठिकाणी उणीव एकच आहे, ती म्हणजे नोंदीची. याच्या जोडीला जुना धोकाही कायम आहे. आंदोलनातील तरुणाचे चित्र त्याच्या सन्मानासाठी वापरता येते, तसे त्याच्यावर ठपका ठेवण्यासाठीही. म्हणून संग्रह करणाऱ्याने हयात व्यक्तीची संमती घेणे आणि गरज पडल्यास चित्र काही वर्षे बंद पाकिटात ठेवणे, हा संग्रहाच्या नीतीचा भाग मानला पाहिजे.

शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयाचा या संदर्भातील अधिकार मोठा आहे. पुस्तके राखण्याची शिस्त, नोंदवहीत क्रमांक घालण्याची सवय आणि तीन पिढ्यांच्या सभासदांचा विश्वास हे भांडवल दुसऱ्या कोणत्याही संस्थेजवळ सहसा नसते. छायाचित्रांच्या संग्रहाला फार मोठा निधी लागत नाही. घरोघरची जुनी समूहचित्रे मागवून त्यांची नक्कल घ्यावी आणि मूळ प्रत मालकाला परत द्यावी. प्रत्येक चित्राला पुस्तकासारखाच दाखल क्रमांक द्यावा. चित्राच्या पाठीवर शाईने न लिहिता मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, ठिकाण, प्रसंग, वर्ष आणि डावीकडून उजवीकडे रांगेगणिक नावे लिहावीत. जे नाव कळत नाही तेथे जागा रिकामी सोडावी. अंदाजाने भरू नये. चिकट पानांच्या अल्बमातून चित्रे बाहेर काढून साध्या कागदी पाकिटांत ठेवावीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत चित्रांची नक्कल आधी घ्यावी, कारण जुन्या कृष्णधवल चित्रांपेक्षा त्यांचे रंग लवकर उडतात. आणि सर्वांत तातडीचे काम म्हणजे हयात वृद्धांना ही चित्रे दाखवून त्यांनी ओळखलेली नावे लिहून घेणे. यासाठी शाळा-महाविद्यालयांतील मुलामुलींची मदत घेता येईल. मराठी घरांबरोबर कन्नड, उर्दू आणि तेलुगू घरांतही त्यांना जावे लागेल. कारण त्या काळच्या मागच्या रांगेत ही सर्व मुले शेजारी शेजारी उभी आहेत.

ग्रंथालयाच्या आश्रयदात्यांनी आजवर कपाटे दिली, इमारतीला हातभार लावला, ग्रंथखरेदीला देणग्या दिल्या. त्यांच्या औदार्याला आता एक नवे क्षेत्र उपलब्ध आहे आणि त्यासाठी धनापेक्षा घरातील ट्रंक उघडण्याची तयारी अधिक लागणार आहे. बर्जेस आणि यझदानी यांच्यामुळे बीदरच्या मदरशाची प्रत्येक कमान आज जगाला परिचित आहे. त्या कमानीखालून प्रभातफेरी काढून गेलेल्या मुलांना तेवढी ओळख मिळवून द्यावयाची असेल, तर यादीतील नाव आणि भिंतीवरील चेहरा यांची भेट घडवावी लागेल. ही भेट घडवू शकणारी माणसे आज नव्वदीच्या पुढची आहेत. शताब्दीचा सोहळा आटोपल्यावर हाती घेण्याच्या कामांच्या यादीत हे काम पहिल्या क्रमांकावर असावे, एवढीच या लेखाची विनंती आहे.